लाभ, दोन, तीन

धुराचा तिसरा आठवडा होता. समुद्रापलीकडं सुमात्रात कुठंतरी रानं जळत होती आणि त्यांचा वास इकडं सिंगापुरात टॅम्पिनीसच्या नवव्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांना येत होता. सूर्य उगवायचा तो पिकून गळायला आलेल्या लिंबासारखा. टक लावून बघितलं तरी डोळे दिपायचे नाहीत. मीनलनं सकाळी दांडीवरचे कपडे आत घेतले, नवऱ्याचा शर्ट नाकाला लावला, "पाचट पेटवल्यागत वास मारतोय," असं स्वतःशीच म्हणाली आणि सगळे कपडे परत धुवायला टाकले. मग तोंडाला मास्क लावून निघाली. पाया लेबारला गाडी बदलून सेरंगूनला उतरेपर्यंत डब्यात कुणी कुणाशी बोललं नाही. सगळ्यांची नाकं झाकलेली, नुसते डोळे बसलेले.

क्लब स्टेशनापासून सात मिनिटांवर. बंदरावरच्या कारकुनांनी पन्नास वर्षांपूर्वी काढलेला. खाली जेवणाची खोली, त्यावर कराओके, आणि सगळ्यात वर लिफ्टसमोर जॅकपॉट रूम. तिथं अठरा मशिनं ओळीनं उभी. नोट घालायची, बटण दाबायचं, चित्रं फिरतात. जुळली तर जुळली. जिंकलं की मशिनातून एक पावती निघते. ती पावती कोपऱ्यातल्या काउंटरवर आणून द्यायची, आणि काउंटरमागच्या बाईनं पैसे मोजून हातात ठेवायचे. ती बाई म्हणजे मीनल. नवरा विश्वास कंपनीच्या पासवर पुण्याहून इकडं आला, त्याच्यामागनं ही आली, आणि दोन वर्षं घरात बसून भिंती मोजल्यावर कामाची परवानगी काढून इथं लागली. त्याला आता चार वर्षं झाली होती.

तिची सकाळ ठरलेली. आधी अठरा काचा पुसायच्या. मग किल्लीनं एकेका मशिनाचं पोट उघडून पावतीच्या कागदाचं रीळ बघायचं. संपत आलं असेल तर नवं बसवायचं, कागदाचं टोक फटीतून बोटभर बाहेर काढून ठेवायचं. टोक तिरकं गेलं की मशीन अडतं आणि भर खेळात कोकलत बसतं. मीनलचं टोक कधी तिरकं जायचं नाही.

त्या सकाळी खोलीत एकोणिसावं मशीन आलेलं होतं. दुधी रंगाचं, पुरुषभर उंचीचं, कपडे ठेवायच्या कपाटासारखं. पावती खालच्या फटीत घातली की मधल्या फटीतून नोटा यायच्या. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही.

मॅनेजर मिस्टर गोह तिला बाजूला घेऊन म्हणाला, "एक महिना दोन्ही ठेवू. कपाट आणि काउंटर. ज्याला जिथं पैसे घ्यायचेत तिथं घेऊ देत. महिन्यानंतर तू मला सांग, काय ठेवायचं."

"मी सांगू?"

"मेंबर लोकांना तू ओळखतेस. मी फक्त त्यांच्या तक्रारी ओळखतो."

गोह तसा सरळ माणूस. काउंटर गेलं तर तुझं काय, हे तो बोलला नाही. पण टक्कल पुसत कपाटाकडं बघत राहिला, त्यावरून मीनलला कळायचं ते कळलं.

आता मीनल मोजायची कशी, ते सांगायला पाहिजे. तिचे वडील दीनानाथ, घरचे नाना, बार्शीच्या भुसार बाजारात मापाडी. चाळीस वर्षं ज्वारी, तूर, हरभरा त्यांच्या हाताखालून गेला. मापाडी मोजायला बसला की पहिल्या मापाला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की एकच राहतंय, लाभ म्हटलं की वाढतंय, अशी आपली बाजाराची समजूत. आणि मोजायच्या आधी नाना सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत सरकवायचे. बाही काट्याला लागली तर दाणाभर इकडचं तिकडं होतं, आणि दाणाभराचीच तर अब्रू असते. शाळा सुटल्यावर पोत्याच्या थप्पीवर बसून मीनलनं हे इतकं बघितलं होतं की सिंगापूरच्या एसीतसुद्धा नोटा मोजायच्या आधी ती उजवी बाही वर सरकवायची आणि पहिल्या नोटेला हळूच म्हणायची, लाभ.

हे सगळ्यात आधी ऐकलं लियान आंटीनं.

लियान आंटी चौऱ्याहत्तरची. तरुणपणी कापडाच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती, त्यामुळं पाठीला किंचित पोक आणि नजर अजून सुईत दोरा ओवल्यासारखी. नवरा क्लबचा जुना मेंबर. तो गेला, मेंबरशिप हिच्याकडं आली. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला यायची, अकरा नंबरच्या मशिनावर बसायची आणि बरोबर वीस डॉलर खेळायची. अकरा नंबरच का, हे तिनं मीनलला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. दोघींचं इंग्रजी एकाच मापाचं, व्याकरण दोघींनीही घरी ठेवलेलं, त्यामुळं त्यांचं फार छान जमायचं.

"माझा म्हातारा तीस वर्षं अकरा नंबरला पैसे देत होता," आंटी म्हणाली होती. "घरी द्यायच्या आधी इथं द्यायचा. आता मी थोडे थोडे परत घेते, लाह." वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावायची ही तिकडची सवय.

परत घेतलेल्या पैशांचं एकच काम होतं. पलीकडं मलेशियात, मुआरला आंटीची धाकटी बहीण राहते. तिचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नाही. पेन्शनीच्या पैशाला आंटी हात लावायची नाही. जिंकले तरच बसचं तिकीट. बाईनं स्वतःला घालून घेतलेली ही अट. वीसचे कधी तीस व्हायचे, कधी पन्नास, पुष्कळदा शून्य. झाले की ती पावती घेऊन काउंटरवर यायची, मीनल बाही सरकवायची, लाभ म्हणायची, आणि काचेपलीकडून आंटी पुढचं म्हणायची, "दो-न, ती-न." दहापर्यंत तिला यायला लागलं होतं. मग मीनल क्लबच्या खाकी पाकिटात नोटा घालायची, डिंकाची कांडी फिरवून पाकीट चिकटवायची आणि दोन्ही हातांनी द्यायची. दोन्ही हातांनी द्यायचं हे तिला आंटीनं शिकवलेलं. आंटी पाकीट पिशवीत टाकायची, चेन ओढायची, आणि मागं वळून न बघता लिफ्टकडं जायची.

पहिल्या आठवड्यात कपाटाकडं फार कुणी फिरकलं नाही. पीटर अंकल मात्र पहिल्याच दिवशी खूश. रिटायर होईतो बंदरावर माल लिहून घ्यायचं काम केलेला, गप्पिष्ट, पण त्याचं दुखणं वेगळं.

"काउंटरवर उभा राहिलो की सगळ्यांना कळतं पीटर जिंकला," तो मीनलला म्हणाला. "मग सहा जणांना बिअर. जिंकतो चाळीस, घरी जातात पाच. परवा कपाटातून घेतले. कुणाला पत्ता नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला चिकन राइस बांधून नेला. तिनं विचारलं, बरं वाटत नाहीये का?"

मीनल हसली. तिला हे कधी सुचलंच नव्हतं, की मोजून देणारी बाई कुणाला नकोशीही असू शकते.

दुसऱ्या आठवड्यात निशिकांत आला. कपाट बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर, डोंबिवलीचा, चाळिशीतला, पाया लेबारच्या ऑफिसातून दर चार दिवसांनी चक्कर मारायचा. मराठी माणूस भेटला म्हणून पहिल्या दिवशी मीनलनं डब्यातली शेंगाचटणी दिली होती. तेव्हापासून तो जेवायच्या वेळेसच यायचा. त्यानं लॅपटॉप कपाटाला जोडला, आकडे बघितले आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"वहिनी, तुम्ही डाव खेळताय."

"मी काय केलं?"

"दहातले सात लोक अजून तुमच्याकडंच येतायत. का येणार नाहीत? तुम्ही गुडघ्याचं विचारता, सुनेचं विचारता. माझं मशीन बिचारं कुणाच्या सुनेचं विचारत नाही. ही कसली तुलना? तराजूच्या एका पारड्यात तुम्ही स्वतःच बसलाय."

तो गमतीत बोलला आणि चटणी पुसून खाऊन निघूनही गेला. पण बोललेला शब्द मापाड्याच्या लेकीला लागायचा तिथं लागला. पारड्यात बसलाय. दिवसभर तिच्या डोक्यात तेच. आपली नोकरी टिकावी म्हणून आपण गोड बोलतोय का? तसं नव्हतं, ती आधीही बोलायचीच. पण आता नोकरी मधे आल्यावर हे कोण सांगणार? तिच्या जागी नाना असते तर त्यांनी काट्यापासून हातभर लांब बसून माप घेतलं असतं. मीनलनं ठरवलं, महिना संपेपर्यंत आपणही लांब बसायचं. कुणी आलं की सांगायचं, आधी तिकडं बघा. बाही नुसती कोपरापर्यंत नाही, पार खांद्यापर्यंत सरकवायची.

आणि तिथंच तिचं चुकलं.

शुक्रवारी धूर इतका दाट झाला की सरकारनं शाळा बंद ठेवल्या. तेरा वर्षांची शिवांगी पलंगावरून न उठता म्हणाली, "आई, स्कूल क्लोज्ड. तू पण नको जाऊ, लाह." मीनल गेली. क्लबात जेमतेम पाच माणसं. लियान आंटी आली ती दोन मास्क एकावर एक लावून. बसली अकरा नंबरला. पंधरा मिनिटांत मशीन असं काही वाजायला लागलं की खालचा आचारीसुद्धा जिन्यातून डोकावला. सहाशे बारा डॉलर. एवढे आंटीला कधी लागले नव्हते.

पावती धरून ती काउंटरवर आली. मास्क हनुवटीवर ओढला. गाल लाल झालेले.

"लाभ," ती स्वतःच म्हणाली.

मीनलचा हात बाहीकडं गेला आणि थांबला. "आंटी," ती म्हणाली, "आज तिकडं करून बघा ना. सोपं आहे."

"मशीन?"

"हो. सगळे करतात."

आंटीनं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. आपल्या नेहमीच्या बसनं आज थांबा बदलला तर बघावं, तशी. मग कपाटाकडं गेली, पावती फटीत घातली. चार सेकंदांत नोटा आल्या. फर्र करून, एकगठ्ठा. आंटीनं त्या काढल्या आणि उभी राहिली. पाकीट नव्हतं. तापलेलं पातेलं चिमट्याशिवाय उचललं आणि ठेवायला जागा नाही, तशा त्या नोटा तिनं दोन्ही हातांत धरल्या होत्या. तिनं काउंटरकडं बघितलं. मीनलनं मान खाली घालून कोरी पाकिटं सारखी करायला घेतली. नोकरीचा लोभ मापाला लागू द्यायचा नव्हता ना.

कपाटापासून अकरा नंबर तीन पावलांवर. निशिकांतच्या कंपनीनंच तशी जागा आखून दिली होती.

आंटी तीन पावलं चालली आणि बसली. पहिली नोट घातली. मग दुसरी. एक वाजता जेवायच्या वेळेला मीनलनं त्या बाजूला बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. "गेली की," पीटर अंकल म्हणाला. "सगळे घातले बिचारीनं. मी म्हटलं, लियान, पुरे. ऐकायला तयार नाही."

मंगळवारी आंटी आली नाही.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला मीनलनं हे विश्वासला सांगितलं. विश्वास शांत माणूस, पुण्यातल्या पेठेत वाढलेला, वाक्य तोलून बोलायचा आणि टोमणा त्याहून तोलून मारायचा.

"म्हणजे स्वतःची नोकरी घालवणारा रिपोर्ट तू इतक्या प्रामाणिकपणे लिहितेयस, की वाटेत एका म्हातारीचं मुआर घालवलंस," तो भाकरी मोडत म्हणाला.

"हसू नका. तुम्हाला काय, तुमचा कॉम्प्युटर कुणाला काय द्यायचं ते आपोआप देतो."

"तेच म्हणतोय मी. मी रोज माणसं कमी करणारंच काम करतो, मीनल. पण मी प्रोग्रॅम लिहितो तेव्हा समोर कुणी उभं नसतं. तुझ्यासमोर होतं." मग म्हणाला, "नानांना विचार. हे त्यांच्या खात्यातलं आहे."

नानांना विचारायचं म्हणजे एक अडचण होती. मीनल कॅशियर आहे एवढंच नानांना माहीत. कसली कॅशियर, हे चार वर्षांत तिनं सांगितलं नव्हतं. बार्शीत जुगाराला जुगारच म्हणतात. तरी तिनं फोन लावला. तिकडं अजून दिवेलागण व्हायची होती. मागं कडबा कापायच्या मशिनाचा आवाज येत होता.

"जेवलीस का?" नानांचा पहिला प्रश्न.

"जेवले. नाना, एक विचारायचं होतं. माप झालं, बरोबर झालं, की मापाड्याचं काम संपलं ना?"

"कुनी सांगितलं?"

"मग?"

"तू थप्पीवर बसून बगत व्हतीस न्हवं? शेवटचं माप पडलं की मी उठायचो का?"

मीनलनं डोळे मिटले. आडतीतली धूळ, दुपारचं ऊन, नाना मांडी घालून बसलेले. शेवटचं माप पडायचं, आडत्या हाक मारायचा, चहा यायचा. पण नाना उठायचे नाहीत. हमाल दाभण आणि सुतळी घेऊन यायचा, पोत्याचं तोंड शिवायचा, गाठ मारायचा, सुतळी दातानं तोडायचा. मग नाना गुडघ्यावर हात देऊन उठायचे.

"पोत्याचं तोंड शिवूस्तवर मापाड्यानं जागा सोडायची न्हाई," नाना म्हणाले. "उगडं पोतं कुनाचंच नसतंय, मीने. येनारा-जानारा मूठ घालतंय. मालकसुदिक घालतंय."

"मालकच कसा घालेल?"

"मालकच पैला घालतंय. हातात हाय म्हनून." मग नाना खोकले. "का? तुज्या त्या खेळायच्या मशिनावर कुनाचं पोतं उगडं ऱ्हायलं?"

मीनलच्या हातातला फोन गरम झाला. "तुम्हाला कोण म्हणालं खेळायचं मशीन?"

"जावईबापू मागल्या दिवाळीलाच सांगितले. म्हातारी मानसं खेळायला येत्यात म्हनले. असू दे की. हितं देवळाम्होरं पत्ते कुटत बसत्यात त्ये काय भजन करत्यात व्हय? तू मोजून देतीस ना, बास. मोजून देनाऱ्याला पाप न्हाई. पर उटायची घाई करू नगं."

मीनलनं फोन ठेवला आणि विश्वासकडं बघितलं. तो एकाएकी फार मन लावून ताटं विसळायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर गेली आणि मिस्टर गोहच्या दारात उभी राहिली. महिना पुरा व्हायला अजून सहा दिवस होते.

"कपाट की काउंटर?" गोहनं विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही महाग पडतं, मीनल. कमिटी मला खाईल."

"आधी ऐका," मीनल म्हणाली. इंग्रजीत एवढं लांब ती कधी बोलली नव्हती, पण रात्री विश्वाससमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. "कपाट चांगलं आहे. पीटर अंकलसारख्यांना कुणी बघू नये असं वाटतं, त्यांना पाहिजे ते. पण ते खोलीतून काढा. बाहेर न्या, लिफ्टपाशी. ज्याला पैसे घ्यायचेत त्यानं खोलीबाहेर जाऊन घ्यावेत. हातात नोटा आल्या की समोर मशीन नको, लिफ्टचं बटण पाहिजे."

गोहनं पेन खाली ठेवलं. "आणि काउंटर?"

"काही माणसांना कुणीतरी मोजून दिलं तरच ते पैसे आपले वाटतात. मोजून, पाकीट बंद करून. ती माणसं सकाळी येतात. दहा ते एक काउंटर ठेवा. दुपारनंतर नुसतं कपाट."

"मग तुझा पगार अर्धा होतो."

"माहितेय."

"तुझ्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, कपाट वाईट आहे, परत पाठवा."

"ते म्हटलं असतं तर माप खोटं झालं असतं," मीनल म्हणाली. हे गोहला नीट कळलं नाही, पण त्यानं पेन परत उचललं. मग म्हणाला, कमिटीला सांगतो, वचन देत नाही. आणि निशिकांतला फोन लावला, की तुमचं कपाट लिफ्टपाशी सरकवायला किती माणसं लागतात.

निशिकांत गुरुवारी चार माणसं घेऊन आला. वायर ओढता ओढता म्हणाला, "वहिनी, आमच्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, कपाट मशिनांपासून पाच पावलांच्या आत असावं."

"कुणासाठी असावं?"

निशिकांतनं वायरला टेप गुंडाळला. "मला वाटलंच होतं तुम्ही हे विचारणार," तो म्हणाला. "चटणी आणलीय का?"

शुक्रवारी साडेदहा वाजून गेले. पावणेअकरा झाले. मीनलनं अठरा काचा पुसल्या होत्या, त्या परत पुसल्या. अकरा नंबरची खुर्ची उगीच सरळ केली. अकराला लिफ्टचं दार उघडलं आणि लियान आंटी बाहेर आली. लिफ्टपाशी ते दुधी कपाट बघून दचकली, त्याला वळसा घालून आत आली आणि काउंटरकडं न बघता अकरा नंबरवर बसली. वीस डॉलर. मीनल काचेमागं बसून राहिली. आज मशीन वाजू नये असंही तिला वाटत होतं आणि वाजावं असंही.

वाजलं, पण अगदी जेवढ्यास तेवढं. आंटीनं पावती काढली. चौतीस डॉलर. पावती घेऊन ती दारापर्यंत गेली. बाहेर कपाट, आत काउंटर, मधे ही पोक आलेली बाई. मीनल उठली. काउंटरची बाजूची फळी उचलून बाहेर आली. चार वर्षांत ती पैसे द्यायला काचेबाहेर कधी आली नव्हती.

"आंटी, त्या दिवशी मी चुकले," ती म्हणाली. "मी तुम्हाला तिकडं पाठवायला नको होतं."

आंटीनं हात झटकला. "अय्या, तू काय केलंस? ते पैसे मी म्हाताऱ्याला दिले. त्या आठवड्यात त्याला चणचण असेल." मग डोळे बारीक करून म्हणाली, "पण तू खाली बघत होतीस. मला वाटलं, मीनल रागावली. सहाशे लागले म्हणून."

 मीनल तशीच काउंटरमागं गेली. आंटी काचेसमोर येऊन उभी राहिली आणि पावती दोन्ही हातांनी पुढं केली. मीनलनं उजवी बाही सरकवली. कोपरापर्यंतच.

"लाभ," ती म्हणाली.

"दो-न," आंटी म्हणाली. "ती-न."

मोजण्यासारखं फार नव्हतंच. तीन दहाच्या नोटा आणि दोन दोनच्या. मीनलनं त्या पाकिटात घातल्या, कांडी फिरवली, कडेनं अंगठा दाबत नेला. दोन्ही हातांनी पाकीट दिलं. आणि बसली नाही. आंटीनं पाकीट पिशवीत ठेवलं, चेन ओढली. चेन अर्ध्यात अडकली, परत मागं घेऊन नीट ओढली. तोपर्यंत मीनल उभी.

"पुरतील मुआरला?" मीनलनं विचारलं.

"जायला पुरतील. यायचे बहीण देईल." आंटी हसली. "नाही दिले तर तिथंच राहीन. तिला धडा मिळेल, लाह."

ती लिफ्टकडं गेली. कपाटाजवळून जाताना तिनं त्याच्या अंगावर हलकेच थाप मारली, ओळखीच्या म्हशीला मारावी तशी. लिफ्टचं दार लागलं.

खिडकीबाहेर धूर अजून होता, पण समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरीचा निळा रंग आज दिसत होता. कमिटीनं महिना पुरा व्हायची वाट न बघता होकार दिला होता, सोमवारपासून एक वाजता घरी जायचं होतं. एवढ्या दुपारचं घरी जाऊन करायचं काय, हे मीनलला अजून सुचलं नव्हतं, आणि पैशांचं गणित विश्वासबरोबर रविवारी बसून करायचं होतं.

सात नंबरचं मशीन कोकलायला लागलं. कागद संपला होता. मीनलनं खालच्या खणातून नवं रीळ काढलं, किल्ली घेतली आणि जाऊन त्याचं पोट उघडलं. जुन्या रिळाचा पुठ्ठा काढून खिशात टाकला, नवं बसवलं, आणि कागदाचं टोक सरळ धरून फटीतून बोटभर बाहेर ओढलं.